मावशीचं नाक

मावशी पुन्हा बसली, आणि सरकता पट्टा पुन्हा थांबवावा लागला.

“आता काय?” साहेब वैतागून म्हणाले.

मावशी म्हणजे परदेशी टपालाच्या पार्सलघरातली कुत्री. प्रत्येक खोक्यात नाक खुपसून चौकशी करते म्हणून तिला हे नाव पडलं, आणि तिला सांभाळणाऱ्या हवालदारांना सगळे मावशीवाले म्हणू लागले. एक पावडर आहे. कारखान्यात बनते, जीव घ्यायला चिमटीत मावेल एवढीशी पुरते. तस्कर ती दुखण्याच्या गोळ्यांत मिसळतात, आणि गोळी घेणारा झोपतो तो उठत नाही. त्या पावडरीचा वास आला की खोक्यासमोर बसायचं, एवढंच मावशीचं काम.

मावशीवाल्यांनी खोकं फोडलं. आत प्लॅस्टिकचे जेवणाचे डबे निघाले, एकात एक बसवलेले.

“सकाळपासून डबेच निघतायत,” साहेब म्हणाले. “संसार थाटायचाय का हिला?”

खोकं चिकटवता चिकटवता मावशीवाल्यांचं डोकं तापलं होतं.

सरकारने कंबर कसली होती, त्यात शंका नाही. एका रसायनावर बंदी आली की पाठवणारे त्यात किंचित फेरफार करून दुसरं पाठवत. त्याचं परिपत्रक निघेपर्यंत तिसरं वाटेत असे. मंत्री येऊन मावशीबरोबर फोटो काढून गेले. पण तिच्या सरावासाठी पावडरीचा ताजा नमुना मागितला, तेव्हा उत्तर आलं की पदार्थ प्रतिबंधित आहे, परवानगीशिवाय देता येणार नाही. परवानगी कुणी द्यायची, हे वर अजून ठरायचं होतं. मावशीवाले विचारून विचारून थकले होते.

हे काम त्यांच्या गळ्यात कुणी मारलं नव्हतं, त्यांनी मागून घेतलं होतं. त्यांचा मेहुणा त्यांच्याच घरी राहायचा. पाठदुखीने बेजार झाला, आणि कुठलीशी जाहिरात पाहून त्याने टपालाने गोळ्या मागवल्या. पाकीट याच पट्ट्यावरून गेलं. पहिल्याच गोळीने तो गेला. तेव्हा इथे कुत्रं नव्हतं. “आता एकही पाकीट सुटणार नाही,” असं मावशीवाल्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि त्या शब्दाच्या आधारानेच ती बिचारी पुन्हा उभी राहिली होती.

दुपारी मुख्यालयातून प्रशिक्षक बाई आल्या. डब्यांची तक्रार वरपर्यंत पोचली होती. बाईंनी स्वतःजवळचा ताजा नमुना एका खोक्यात ठेवला आणि खोकी ओळीने मांडली. मावशी हुंगत हुंगत त्या खोक्यावरून पुढे गेली. दुसऱ्या फेरीतही गेली. मग कोपऱ्यातल्या कपाटाशी जाऊन शेपूट हलवत बसली. बाईंनी कपाट उघडलं.

“हा डबा कुणाचा?”

“माझा,” मावशीवाले म्हणाले. “सरावाचा नमुना त्यात असतो. कण जरी नाकात गेला तरी जीव जाईल तिचा. म्हणून घरनं डबा आणला, झाकणाला सुईने भोकं पाडली. वास यावा, पावडर येऊ नये.”

बाईंनी आतली कुपी उजेडात धरली. “हा नमुना कधीचाच निकामी झालाय. आता वास येतो तो डब्याचा. तुम्ही तिला डबा शोधायला शिकवलंत.”

“वर्षभर नवा नमुना मागतोय मी.”

“मागितला असेल. पण डबा तुम्हीच आणलात ना?”

मावशीवाल्यांना संताप आला. बाईंचा, सरकारचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या काळजीचा. “पुन्हा शिकवता येईल तिला?”

“आता वय झालंय तिचं. घरी न्यायची असेल तर न्या. नवं कुत्रं देऊ, मंजुरी आली की.”

“आणि तोवर?”

बाई आपली बॅग आवरत होत्या. साहेबांनी बटण दाबलं, आणि पट्टा पुन्हा चालू झाला. पाकिटं एकामागून एक पुढे निघाली.

संध्याकाळी मावशीला घेऊन ते घरी आले. बायको दारातच उभी होती. “हिला कशाला आणलंत?”

त्यांनी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

“म्हणजे इतके दिवस ती पाकिटं लोकांच्या घरी जात होती?”

“गेली असणार.”

“आणि तुम्ही मला रोज सांगत होतात, काळजी करू नकोस म्हणून.”

“मलाही तसंच वाटत होतं गं.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पायरीखाली मावशी जमिनीवर हनुवटी टेकून पडली होती.

“माझ्या भावाच्या पाकिटाला तर कुणी नाकही लावलं नव्हतं,” बायको म्हणाली. “हिने निदान इमानाने काम केलं.”

तिने त्यांच्या हातातून साखळी घेतली आणि चपला घातल्या. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. ते उठायला लागले तसं “तुम्ही बसा,” एवढंच म्हणाली.

एका पायातला बूट काढून ते तसेच बसून राहिले. रस्त्यावरून तिचा आवाज येत होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशा त्रासिक सुरात ती मावशीला सांगत होती, “सावकाश चाल. कसली घाई आहे आता आपल्याला?”