रिंगणातले हात

ऊन ओट्यावर आलं की पाणीवाली आपली बादली आणि तांब्या घासून पालथे घालून ठेवी. तिचं काम मयताला अंघोळ घालण्याचं. वस्तीत कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला निरोप तिला जायचा, आणि काम उरकून ती निघाली की तीच घरची माणसं अंग चोरून भिंतीला चिकटायची. कामाचं नाव तोंडून निघायला नको म्हणून सगळे तिला नुसतं पाणीवाली म्हणत. तिला काही द्यायचं तर जमिनीवर ठेवायचं, तिने वाकून उचलायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण पाळायला मात्र सगळ्यांच्या अंगात उत्साह होता.

वस्तीच्या मधोमध एक बंद पडलेला छापखाना होता. त्याच्या काचा फुटलेल्या, दारात दारुडे पडलेले. लेकीबाळी त्या रस्त्याने जायला घाबरत. मग वस्तीनेच कंबर कसून तो साफ केला. तेव्हा पाणीवालीही रांगेत उभी राहून राडारोडा उपसत होती. घमेली तिच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होती आणि तेव्हा कुणाला काही झालं नव्हतं. त्या जागेचं कलाघर झालं. सकाळी मोठ्यांचे लिहिण्यावाचण्याचे वर्ग, दुपारी मातीकाम आणि चित्रं, संध्याकाळी गाणं आणि नाच. बाहेर दिवे लागले, चहाची टपरी आली, वस्ती सोडून गेलेली माणसं परत भाड्याने राहायला येऊ लागली. दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, ‘हे घर सगळ्यांचं’. काम खोटं नव्हतं. वस्ती खरंच जिवंत झाली होती, आणि म्हणूनच पुढे जे घडलं त्याचा राग जास्त येतो.

पाणीवालीच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. पाणी भरायला गेली तरी गिरकी घेऊन यायची आणि निम्मं सांडायची. ती कलाघरात नाच शिकू लागली. नाचाच्या बाई बाहेरून आलेल्या, तरुण, हौशी. वर्धापनदिनाला त्यांनी रिंगणाचा नाच बसवायला घेतला. मुलांनी एकमेकांचे हात धरायचे, रिंगण मोडू द्यायचं नाही, एवढा एकच नियम. मधली गिरकी भिंगरीची.

दोनच दिवसांत बाकीच्या मुलींचे पालक कलाघराच्या समितीकडे आले. “नाचू दे की तिला, आमचं काय जातंय? पण आमच्या पोरींनी तिचा हात धरायचा म्हणजे अतीच झालं. ती आईबरोबर कुठेकुठे जाते, कशाकशाला हात लावते, कोण बघतंय?”

कलाघराच्या अध्यक्षबाई म्हणजे वस्तीतलं मोठं प्रस्थ. कलाघर उभं राहिलं ते त्यांच्या पायपिटीमुळे, हे वैऱ्यानेही कबूल केलं असतं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. “पोरीला काढायचं नाही. आपण काही जुन्या वळणाची माणसं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना रुमाल द्या. तिने रुमालाचं एक टोक धरायचं, शेजारच्या मुलीने दुसरं. दिसायलाही छान दिसेल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नाचाच्या बाई रुमाल आणायला उठल्या.

भिंगरी त्या दिवशी नाचतच घरी आली. “आई, मला रंगीत रुमाल मिळालेत! दोन!”

“आणि बाकीच्यांना?”

“त्यांना नाही. फक्त मला.”

पाणीवालीला कारण तिथेच कळलं, पण ती गप्प बसली. पोरीच्या आनंदावर पाणी ओतायला तिची जीभ रेटेना. पुढे आयुष्यभर तिने या गप्प बसण्याबद्दल स्वतःला माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोरीला रुमालाचं कारण सांगितलं. अशी बातमी पोचवायला वस्तीत माणसं नेहमीच मोकळी असतात. पाणीवाली कामावरून परतली तेव्हा मोरीतून कण्हण्याचा आवाज येत होता. नाली साफ करायच्या कॉस्टिक सोड्याचा डबा उघडा पडला होता आणि भिंगरी त्याच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून ब्रशने घासत होती. कातडी सोलून निघाली होती.

“निघतच नाही गं आई,” ती म्हणाली. “तू सांग ना, कसं निघतं ते.”

दवाखान्यात हातांना पट्ट्या बांधल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचतील, व्रण राहतील. बाकावर बसून पाणीवाली रडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. या वस्तीत माणसं मरणारच होती. तिला फक्त वाट पाहायची होती.

फार वाट पाहावी लागली नाही. एका सकाळी अध्यक्षबाईंचा नवरा तिच्या दारात उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. “आई गेली. लगेच चल.”

“नाही येत.”

त्याला आधी कळलंच नाही. या वस्तीत असं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. “अगं, म्हातारी पडून आहे! दुसरी कोण आहे आम्हाला?”

“पलीकडच्या भागात माझी मावसबहीण हेच काम करते. तिच्या पुढच्या गल्लीत तिची नणंद. जाऊन विचारा, त्या काय सांगतात बघा. आधीच निरोप धाडलाय मी.”

तो घाम पुसत परत गेला. थोड्या वेळाने अध्यक्षबाई स्वतः आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या या गल्लीत पायी आल्या असतील. ओट्यावर पट्ट्या बांधलेली पोर बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर चुकवली.

“माझ्यावरचा राग माझ्यावर काढ,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी तुझं काय वाकडं केलंय?”

हे मात्र पाणीवालीला लागलं. मयत ताटकळत ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. म्हातारी काही देवमाणूस नव्हती, तिनेही कायम चहाचा कप जमिनीवरच ठेवला होता. पण मेलेल्या माणसाशी पाणीवालीने कधी हिशेब मांडला नव्हता.

“येते,” ती म्हणाली. “पण मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन आणि सांगेन. हात तुमचे.”

“माझे?”

“सासू तुमची. हातही तुमचेच.”

अंगण माणसांनी भरलं होतं. पाणीवाली दाराबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि आत पाहून सांगू लागली. “पाणी कोमट हवं. मनगटावर घेऊन बघा. आधी हनुवटी बांधा, नाहीतर तोंड उघडं राहील. तोंडावर पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आता उजवा हात. बोटांच्या बेचक्यासुद्धा.”

अध्यक्षबाईंना दोनदा उमळून आलं. एकदा तांब्या हातातून निसटला. कूस बदलायच्या वेळी म्हातारीचं डोकं त्यांच्या छातीवर कलंडलं आणि त्या हंबरडा फोडून रडल्या.

“रडायला पुढे जन्म पडलाय. पाणी गार होतंय,” पाणीवाली म्हणाली. तिला दया आली नाही. खरं सांगायचं तर तिला सुख वाटलं, आणि त्या सुखाची तिला लाजही वाटली नाही.

शेवटी अध्यक्षबाईंनी सासूचे पांढरे केस विंचरले, तेव्हा त्यांचा हात स्थिर झाला होता. काम चांगलं झालं होतं. पाणीवालीने तेही सांगितलं.

बाहेर येऊन अध्यक्षबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे बाहेर बोलू नकोस.”

“मी कशाला बोलू? अख्ख्या अंगणाने पाहिलंय.”

संध्याकाळी सांत्वनाला आलेल्या बायकांनी अध्यक्षबाईंसाठी चहा आणला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. ठेवणारी त्यांची सख्खी जाऊ होती.

सुतक संपल्यावर अध्यक्षबाई कलाघरात आल्या. तालीम चालू होती, पालक भिंतीशी बसले होते. पाणीवालीही लेकीला घेऊन दारात उभी होती. आज ती सगळ्यांसमोर विचारणार होती, की तुमच्या अध्यक्षबाईंचे हात आता कुणी धरायचे. वाक्य तिने घोकून ठेवलं होतं.

तिला विचारावं लागलं नाही. अध्यक्षबाई जाऊन थेट रिंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शेजारच्या मुली आपापल्या आयांकडे बघू लागल्या. आया खाली बघू लागल्या. नुसत्या नजरा हलत होत्या, हात एकही हलला नाही.

“नियम मी केला होता,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मी पाप केलं. मूर्खपणाही केला. ज्या हातांनी आपल्या आईबापांना शेवटचं न्हाऊ घातलं, ते आपण हातात घ्यायला नाकारले. आजपासून ते रुमाल बंद. भिंगरी, ये बाळा. माझा हात धर.”

सगळं कलाघर पोरीकडे वळलं. हेच तर पाणीवालीला हवं होतं; पोरीने आता धावत जावं, म्हणजे सगळं फिटलं.

भिंगरीने पट्ट्या बांधलेले हात पाठीमागे नेले.

“नाही धरणार,” ती म्हणाली. “माझे हात अजून दुखतात.”

कुणीतरी पाणीवालीला म्हणालं, “अगं, सांग ना पोरीला. बाई एवढ्या नमल्यात.”

“हात तिचे आहेत,” पाणीवाली म्हणाली. “बाईंनी उभं राहावं. तिला वाटेल तेव्हा ती येईल.”

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी नाच झालाच नाही. दुसऱ्या दिवशी नाचाच्या बाई त्यांच्या एका बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात घट्ट धरला. मग एक मुलगी आईचा हात झिडकारून रिंगणात शिरली, तिच्यामागून आणखी काही. अध्यक्षबाईंचा दुसरा हात मात्र मोकळाच होता. तालीम संपेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही, आणि भिंगरी दाराशी बसून त्याच्याकडे बघत राहिली.