पन्नीतलं बाळ

मी बोलतोय, पण माझ्या ओठांकडे बघू नका. ते हलत नाहीत. ते जन्मापासून थोडे उघडे आहेत, कारण तिथूनच माझ्या छातीत हवा जायची असते. मी एक रबरी बाळ आहे. दिसायला काल जन्मलेला, वयाने बराच जुना. तेव्हा जरा सावकाश बोलेन, चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. नेमका कुठे, ते आठवत नाही. बाळांना ते आठवत नसतंच. मला केलं ते नर्सबायांच्या शिक्षणासाठी. एखादं मूल जन्मल्यावर रडलं नाही, तर त्याची मान किंचित मागे करायची, नाकातोंडावर मास्क घट्ट बसवायचा आणि हातातला फुगा दाबून त्याला श्वास द्यायचा. हे हाताला यावं म्हणून मी. बरोबर जमलं तर माझी छाती उठते, चुकलं तर उठत नाही. मला खोटं कौतुक करता येत नाही. माझ्या अंगाला एक नळी आहे आणि तिच्या टोकाला रबरी गोळा. तो दाबला की मी रडतो, अगदी खऱ्यासारखा.

यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात मी आलो. केंद्राचं नाव सांगत नाही. तिथलं मीठ मी खाल्लेलं नाही, पण धूळ तिथलीच खाल्ली आहे.

तिथलं भांडार देवीलाल सांभाळायचा. जवळच्या बंजारा तांड्यावरचा, मोठ्या मिशांचा, मनाने लोण्यासारखा माणूस. पण वस्तू नवी राहिली पाहिजे, हा त्याचा धर्म. त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर दुकानातली प्लॅस्टिकची पन्नी अजून तशीच होती. उन्हाळ्यात ती पॅन्टला चिकटायची, पण निघायची नाही. घरी टीव्हीचा रिमोटही पन्नीत. मग मी कुठून सुटणार?

वर्षातून एकदा जिल्ह्याहून सर यायचे. भिंतीवर बॅनर लागायचा, पडद्यावर चित्रं सरकायची, खोलीत अंधार आणि पंख्याचा वारा. पहाटेपासून घरचं आवरून आलेल्या बाया पेंगायच्या. मग देवीलाल मला दोन्ही हातांवर घेऊन यायचा, पन्नीसकट. मी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायचो. जी ती मास्क पन्नीवर टेकवायची, फुगा दाबायची, फोटो निघायचा. छाती कुणाचीच उठायची नाही. माझी नाही, आणि सरांना शंका विचारायला कुणाची छाती व्हायची नाही. मग चहा, आलुबोंडा आणि प्रमाणपत्र. सगळ्या पास. मी परत कपाटात.

असंच चाललं असतं. पण एका वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, पायल नावाची तरुण नर्स भांडारात आली.

"काका, ते बाळ द्या ना. हात बसवाचा हाय."

"ट्रेनिंग नाई, काई नाई, अन् बाळ कायले पाह्यजे?"

"ट्रेनिंगात कुठं हात बसते? तुम्ही पन्नी काढूच देत नाई."

"अन् फाटलं तं? साहेबाले उत्तर कोन देईन, तू?"

पायल हलली नाही. "तुमच्या सुनेची, बबिताची तारीख जवळ आली. बाळ माह्याच हातात येनार हाय."

"मंग मले कायची फिकर? तुह्याजवळ सर्टिफिकेट हाय."

"हाय ना. लॅमिनेशन करून ठेवलं. तेही पन्नीतच हाय." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "खरं सांगू काका? मी आजपर्यंत फक्त पन्नीले श्वास देला. तुमचा नातू रडला नाई, तं त्याच्यावरच शिकू काय?"

देवीलालच्या मिशा एकदम खाली आल्या. त्याने कंबरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि पन्नीची गाठ सुटेना म्हणून ती दातांनी फाडली. त्या ओढाताणीत गोळा दाबला गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रडलो.

झाडलोट करणाऱ्या बिजलीबाईच्या हातातला झाडू पडला. "अगं माय वं! देवीलालभाऊ, आत्ता कुठं जन्माले आलं म्हना हे!"

तिने लगेच माझ्या गालाला काजळाची तीट लावली. उघडं बाळ, दृष्ट नको लागायला.

त्या दिवसापासून देवीलाल पार उलटा झाला. दुपारचा डबा झाला की मला टेबलावर ठेवायचा. मला वजन यावं म्हणून पोटात कोमट पाणी भरायचा. नर्सबाया एकेक करून पुढे. हा समोर स्टूलवर, नजर माझ्या छातीवर.

"नाई उठली!"

"काका, जरा दम तं घ्या."

"मी दम घेऊ? दम त्याले द्या!"

पायलचा मास्क सुरुवातीला बाजूने हवा सोडायचा. माझी मान जास्त मागे जायची, मग कमी. ती चिडायची, डोळे पुसायची, पुन्हा फुगा धरायची. आणि एका दुपारी माझी छाती अलगद उठली. काय सांगू! इतकी वर्षं घडी घातलेलं काहीतरी आत उलगडलं.

पुढच्या वेळी सर आले तेव्हा मी उघडाच होतो. त्यांनी हौसेने फुगा घेतला. छाती उठली नाही. सर माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच हसत सुटले. "बायांनो, मीही पन्नीवरच शिकलोय!" त्यांनी पडदा गुंडाळला आणि बायांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी कुणी पेंगलं नाही.

मग बबिताला आणलं. भर दुपार होती. आत डॉक्टरीणबाई बबिताकडे बघत होत्या आणि बाळासाठी पायल तयार होती. देवीलाल बाहेर बाकावर. हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्याने मला मांडीवर घेतलं होतं. शेजारी त्याची बायको गंगी आणि तांड्यावरची चार माणसं.

आतून आवाज आला, "झालं बाळ." आणि मग काहीच नाही. रडणं नाही. नुसती पायलची पावलं.

देवीलालची मूठ आवळली. तिच्यात माझा गोळा होता. मी रडलो.

"झालं वं, रडलं!" गंगी उठली, तांड्याच्या गोरबोलीत काहीबाही ओरडत तिने गुळाचा खडा शेजारणीच्या तोंडात घातला. माणसं देवीलालची पाठ थोपटू लागली. तो एकटाच पांढराफटक. तोंड उघडं, माझ्यासारखं.

"थांबा," तो पुटपुटला. "हे नोय. हे रबराचं हाय."

गूळ तसाच तोंडात राहिला. त्या शांततेत मी त्याच्या मांडीवर पडून होतो आणि मला एकच वाटत होतं, की पायलबाई, मान किंचित मागे. जास्त नको.

मग आतून एक रडणं आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. माझ्यापेक्षा कितीतरी बेसूर. इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पायल दारात आली. घामाने ओली. "काका," ती म्हणाली, "उठली छाती."

देवीलालने तोंड माझ्या पोटात खुपसलं. मी आतून पाण्याने भरलेला होतोच, त्या दिवशी बाहेरूनही भिजलो.

आता मी म्हातारा झालो. मानेला चीर गेली, तिथे देवीलालने सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आहे. गालावरची तीट निघत नाही. पण छाती अजून उठते. तुमच्याकडे कुठल्या कपाटात माझं भावंड पन्नीत पडून असेल, तर तेवढी पन्नी फाडा. आम्ही झिजून मेलो तर आमचं सोनं झालं.

देवीलालचा नातू आता चालतो. केंद्रात आला की माझं नाक ओढतो, गोळा दाबतो, मला रडवतो. केंद्रात कुणी वळूनही बघत नाही. एकटा देवीलाल मात्र अजूनही हातातलं काम टाकून धावत येतो.