तिसऱ्या चौकटीत दादा

पहिली चौकट, डॉक्टरांचा अर्ज: झाली.
दुसरी, तपासण्या: झाल्या.
तिसरी, हृदयाच्या झडपेला मंजुरी: प्रतीक्षेत. दिवस सहावा.

हा नकाशा मीच काढलेला. इस्पितळातला प्रत्येक अर्ज त्यावरून चालतो. एक चौकट पुरी झाली की संगणकातली यंत्रणा पुढची उघडते. नाही झाली तर थांबते. कंटाळत नाही. या वेळी अर्ज माझ्या सख्ख्या दादाचा. शस्त्रक्रिया शुक्रवारी, म्हणजे परवा.

"भाऊजी, मशीन तुमच्याच हातातलं ना?" वहिनी. "मग एक बटण दाबायला हात दुखतो का?"

दुपारी कारण सापडलं. मंजुरी कोण देणार, तिथे मी पद घालायचं सोडून माणसाचं, म्हणजे मोठ्या साहेबांचं, नाव घातलं होतं. ते महिन्यापूर्वी निवृत्त झाले. झडपेचे अर्ज विरळ. त्यानंतरचा हा पहिलाच. तो त्यांच्या बंद खात्यात जाऊन बसला.

नकाशा दुरुस्त केला. पाच मिनिटांचं काम. पण सुरू झालेला अर्ज जुन्याच नकाशावर संपतो. नियम माझा.

बटणही होतं. चौकट हाताने पुढे ढकलायचं. आमच्या विभागात जिला सगळे मुंगी म्हणत, तिने गेल्या वर्षी ते आपल्या आत्यासाठी दाबलं. मी वर कळवलं. तिची नोकरी गेली. बटण मी कायमचं काढून टाकलं. शाबासकी मिळाली.

फोन लावला.

"मुंगे, मागच्या दाराने काही जमेल?"

"दार? तिथे तूच भिंत बांधलीस ना रे. चांगली भक्कम."

"दादाचा जीव आहे गं."

"आणि माझी आत्या काय रस्त्यावर सापडली होती?"

तिने फोन ठेवला नाही. मी माफी मागेन म्हणून थांबली असावी. मी ठेवला.

दिवस सातवा. सात दिवस उत्तर नाही तर अर्ज फेटाळायचा, म्हणजे अर्ज तुंबत नाहीत. हाही नियम माझा. यंत्रणेने सेकंद चुकवला नाही. शुक्रवारची वेळ दुसऱ्या कुणाला गेली. नवा अर्ज, नव्या तपासण्या, पाच आठवडे. दादा तेवढे दिवस काढेल का, असं विचारलं तर डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाची फाइल उघडली.

"कुणी फेटाळला?" वहिनीने विचारलं.

पडद्यावर 'निर्णय' या रकान्यात यंत्रणेने आपणहून मोठ्या साहेबांचं नाव भरलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

"वाटोळं होईल मेल्याचं," वहिनी म्हणाली.

"हं," मी म्हणालो.