पांढऱ्या रेघेवरची गाडी

तिने गाडी मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर उलटी ठेवली आणि पुढच्या डाव्या चाकाचा नट तिसऱ्यांदा सोडवला. बेअरिंग बोटावर घेऊन फिरवलं. ते निमूटपणे फिरत राहिलं.

"ह्यात काही नाही हो."

"उजवं बघ."

"उजवं कालच बघितलं."

"आज बघ."

मागच्या दारात खुर्ची टाकून नवरा बसला होता. लेथवर छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मग हळूहळू परत आला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. आला खरा, पण पाहुण्यासारखा. मांडीवर अंग चोरून बसायचा.

गाडी दोघांनी मिळून बांधली होती, बावीस वर्षांपूर्वी. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, उघड्या चाकांची, मातीच्या ढिगांवरून उड्या मारणारी. आस त्याने स्वतः लेथवर काढले होते, तारा तिने डागल्या होत्या. रेडिओच्या कारखान्यात तिचा जन्म गेला होता, डागायला तिला चष्माही लागत नसे. आता लागतो. तेव्हापासून दर रविवारी मैदानावर शर्यत. हरलेली पोरं गाडीला दोष द्यायला लागली की तो हसून म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आणि आता त्याचीच गाडी डावीकडे ओढत होती. मागच्या फरसबंद जागेत गाड्या लावायला पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. त्यातल्या एका रेघेवर गाडी सोडली की चार हात नीट जायची आणि मग डावीकडे सरकत थेट भिंतीवर.

फोन वाजला. मैदानावरचा पंच होता. त्याला सगळे शिट्टीच म्हणत.

"काकू, काकांचं नाव लिहू की खोडू? सहाला उद्याची यादी बंद करतोय."

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

"नाव लिहू का, विचारतोय."

"वाकडी गाडी घेऊन मी जायचा नाही. खोड म्हणावं."

"सहाला सांगते रे," ती फोनमध्ये म्हणाली आणि ठेवून दिला. सायकल नवऱ्याने अशीच सोडली होती, एका वाक्यात. मग बाजारात जाणं, मग जिना. आता खुर्ची आणि रविवार एवढंच उरलं होतं. रविवार गेला की नुसती खुर्ची.

तीन दिवस दोघं गाडीला लागले होते. म्हणजे तो सांगत होता आणि ती करत होती. चाकं वळवणारी छोटी मोटर बदलली. ती नवीनच खराब असेल म्हणून पुन्हा जुनी बसवली. चारही शॉकअपमधलं तेल काढून नवं भरलं. गिअरची पेटी उघडली, दाते एकेक मोजले. तिच्या बोटांना तेलाचा वास बसला होता आणि कंबर विळ्यासारखी वाकली होती. गाडीत दोष सापडेना, आणि सापडेना म्हणून तो आणखी आतला असणार, असं दोघं धरून चालले होते.

तो आंघोळीला गेला तेव्हा तिने उजव्या चाकाचा नट आवळला आणि गाडी एकटीनेच रेघेवर ठेवली. डाव्या बोटाने रिमोटचा वेगाचा घोडा ओढला, उजवा हात त्याच्या वळवायच्या चाकावर नुसता टेकवला. गाडी रेघेवरून गेली, पार भिंतीपर्यंत. तिने परत आणून पुन्हा सोडली. पुन्हा सरळ.

तो बाहेर आला तशी ती म्हणाली, "झाली बहुतेक. बघा."

त्याने रिमोट घेतला. घोडा ओढला. गाडी चार हात गेली आणि डावीकडे सरकली.

"कुठे झाली?"

"परत एकदा."

या वेळी तिने गाडीकडे पाहिलंच नाही. त्याचं डावं बोट घोडा ओढत होतं आणि त्याबरोबर उजवा हात, कुणी न सांगता, मिटत मिटत छातीकडे येत होता. रिमोटचं चाक सोबत घेऊन.

अंगणाची म्हण तिच्या ओठांपर्यंत आली. तिने ती गिळली.

"बॅटरी उतरलीय," ती म्हणाली. "द्या रिमोट इकडे, त्याचेही सेल बदलते. तुम्ही चहा घ्या तोवर."

आत ओट्यापाशी ती रिमोट घेऊन उभी राहिली. त्याच्या कडेला नखाएवढी चकती होती, ट्रिमची. रिमोटच्या चाकाला हात न लावता गाडीची चाकं किती वळलेली राहतील ते या चकतीवर ठरे. कारखान्यात ती असाच एक स्क्रू केसाकेसाने फिरवायची. खरखर जाऊन रेडिओवरच्या बाईचा आवाज स्वच्छ आला की थांबायचं. इथे आवाज नव्हता. तिने त्याचा हात आठवला, किती आत येतो ते, आणि चकती उजवीकडे फिरवली. टिक. टिक. सात टिकांवर थांबली.

बाहेर येऊन तिने गाडी स्टुलावर ठेवली, त्याच्या हाती रिमोट दिला, आणि मग तिला आठवलं. पट्टी.

संसाराच्या एक्केचाळीस वर्षांत त्याने मापल्याशिवाय काही सोडलं नव्हतं. नव्या घरात आल्यावर सामान उतरवायच्या आधी त्याने दाराच्या चौकटीला पट्टी लावली होती आणि सुताराला परत बोलावलं होतं. गाडी सोडण्याआधीही तो तेच करायचा. रिमोट चालू, हात बाजूला, आणि चाकांवर पोलादी पट्टी.

त्याने रिमोट चालू करून बाजूला ठेवला, खिशातून पट्टी काढली आणि पुढच्या चाकाला लावली. तिने चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी धरून ठेवला.

चाक पट्टीपासून उजवीकडे सुटलेलं तिला उभ्यानेच दिसत होतं. तो वाकून पाहत राहिला. बराच वेळ. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता.

"सरळ आहे," तो म्हणाला.

तिने गाडी रेघेवर नेऊन ठेवली. त्याने घोडा ओढला. हात छातीकडे आला आणि गाडी पांढऱ्या रेघेवरून टोकापर्यंत गेली.

"शिट्टीला फोन कर," तो म्हणाला. पट्टी खिशात न ठेवता त्याने तिच्यापुढे धरली. "आणि ही आत ठेव. उद्या नको."