दुसरा नंबर

गाव निवडताना लोक काय काय बघतात. पाणी किती वेळ येतं, दवाखाना किती लांब, घरभाडं किती. चारुशीला बघायची तो बिस्किटाचा पुडा. विसाची नोट अनीशच्या हातात द्यायची, त्याला समोरच्या दुकानात पाठवायचं आणि आपण अलीकडे उभं राहून बघत बसायचं. अनीश सव्वीस वर्षांचा, बापासारखा उंच. दाढी करून दिली की बँकेतला कुणीतरी वाटायचा. पण त्याला बोलायला वेळ लागायचा. तो ‘पुडा’ म्हणेपर्यंत मागचं गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून हात घालून आपलं सामान घेऊन जायचं. दुकानदार थांबतो का, हसतो का, एवढंच तिला बघायचं असायचं. या परीक्षेबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुण्यातलं घर भाड्याचं होतं आणि इमारत पाडायला निघाली होती. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं होतं. नवरा, सुमंत, जाऊन तीन वर्षं झाली होती. विमा कंपनीतली नोकरी तिने अनीशपायी लवकर सोडली होती, आणि जी पेन्शन येत होती तिच्यात पुण्यात आता धड खोली मिळत नव्हती. चोपन्नाव्या वर्षी बाई लहान गाव शोधायला निघाली की लोकांना वाटतं, हिला मोकळी हवा हवी आहे. हवेचं काय घेऊन बसलात! तिला असं गाव हवं होतं, जिथे आपल्या माघारी हा मुलगा एकटा बिस्किटं आणू शकेल. आणि निवड एकदाच करता येणार होती. आत्ताचा पत्ता पाठ करायला अनीशला तीन वर्षं लागली होती, तो पुसून दुसरा, मग तिसरा, असं करण्याइतकं आयुष्य तिच्याकडे उरलं नव्हतं. या विचाराने तिला हल्ली जेवण जायचं नाही.

सगळ्यात आधी ती साताऱ्याला गेली, कारण तिथे नणंद होती. अनीश तिथल्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला. नापास झाली ती आत्या. अबोलीने पोहे केले, चहा केला, आणि मग बशीतला चमचा इकडून तिकडे करत म्हणाली, “वहिनी, तुम्ही या की. पण शिवांजलीचं जमेपर्यंत थांबा. स्थळं येतायत. लोक विचारतात हो.” चारुशीलाने राग पोह्यांबरोबर गिळला. भाचीच्या लग्नात आपला मुलगा आडवा येतो, हे ऐकायला ती एवढ्या लांब आली होती. सांगलीच्या एसटीत बसताना तिने मनाशी पक्कं केलं, की इथून पुढे अनीशबद्दल परक्या माणसाला एक अक्षर सांगायचं नाही.

सांगलीत स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून दुसऱ्या दिवशी ते कुपवाडला खोल्या बघायला गेले. तळमजला, दोन खोल्या, मागे मोरी आणि भाडं झेपण्यासारखं. घरमालकाने विचारलं, “मुलगा काय करतो?” ती म्हणाली, “घरूनच काम करतो.” घरमालकाला ते पटलं, हल्ली सगळेच घरून काम करतात. हे खोटं किती दिवस चालणार, याचा तिला मात्र अंदाज येईना.

साडेतीनच्या सुमाराला कारखान्यांच्या रस्त्याकडेला ती एका चहाच्या गाड्यावर बसली. गाडा एका बाईचा होता, पन्नाशीची, नऊवारी नेसलेली. सगळे तिला मनुबाई म्हणत होते. तिने दोनदा विचारलं, “कुठल्या म्हणायच्या तुमी?” चारुशीलाने दोन्ही वेळा “पुण्याच्या” एवढंच सांगून तोंड फिरवलं. मग अनीशला वीस रुपये देऊन रस्त्यापलीकडच्या दुकानात पाठवलं. त्याने नीट रस्ता ओलांडला. दुकानदार थांबला. अनीश पुडा घेऊन दुकानाबाहेर आला, तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकी तेव्हाच कामगारांची पाळी सुटली.

कारखान्यांच्या फाटकांतून दुचाकी बाहेर पडायला लागल्या. दहा, पन्नास, मोजता येईनात. रस्ता दिसेना, दुकान दिसेना. चारुशीला टाचा उंचावून बघत राहिली. गर्दी ओसरली तेव्हा दुकानासमोर कुणी नव्हतं.

ती पलीकडे धावली. दुकानदार म्हणाला, “आत्ता तर हितं उबा हुता.” ती या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. हाक मारली तर लोक गोळा होतील म्हणून हाकसुद्धा मारली नाही. अनीश हरवला तर काय करायचं हे त्याला बापाने शिकवून ठेवलं होतं. कुणीही विचारलं की घराचा पत्ता सांगायचा आणि सुमंतचा फोन नंबर सांगायचा. सुमंत गेल्यावर तिने त्याला आपला नंबर शिकवायचा प्रयत्न केला होता. पण तो पहिले पाच आकडे तिचे म्हणायचा आणि पुढचे पाच बाबांचे. खिशात चिठ्ठी ठेवली तर फाडून टाकायचा. म्हणून तिने सुमंतचा फोनच चालू ठेवला होता. ते सिम तिच्या फोनमध्ये घालता आलं असतं, पण सुमंतच्या फोनमधून ते काढायला तिचा हात धजत नव्हता. रोज तो फोन चार्ज करून ती पर्समध्ये ठेवायची. तिने पर्स उघडली. फोन नव्हता. सकाळी तिने तो लॉजवर चार्जिंगला लावला होता आणि तो तिथेच राहिला होता.

तिने आपल्या फोनवरून तो नंबर लावला. ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’

मेलेल्या माणसाच्या फोनवर आणखी कोण फोन करणार? म्हणजे अनीश कुणाजवळ तरी होता, त्याने नंबर बरोबर सांगितला होता, आणि ते माणूस फोन लावत होतं. आणि तो फोन कुलूपबंद खोलीत वाजत होता. तिने लॉजला फोन केला, तो कुणी उचलला नाही. इथे थांबावं तर फोन वाजून वाजून बंद होणार. लॉजवर जावं तर इकडे तो आला तर? तिला कुणाला तरी विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार? गाड्यावर मनुबाई तिच्याकडेच बघत होती. तिने विचारलंसुद्धा, “ताई, काय झालं?” चारुशीला म्हणाली, “काही नाही.” आणि रिक्षात बसली.

सांगलीपर्यंतची ती पंचवीस मिनिटं तिने कशी काढली, तिची तिला ठाऊक. तिला कालवा दिसत होता, रेल्वेचा रूळ दिसत होता, नदी दिसत होती. रस्त्यात यातलं काहीच नव्हतं, तरी दिसत होतं. आपण हे गाव बघायला आलोच कशाला, साताऱ्यात नणंदेच्या पाया पडून राहिलो असतो तरी चाललं असतं, असंही तिला वाटून गेलं. लॉजवर तिने किल्ली तीनदा उलटी घातली. फोनवर चौदा मिस्ड कॉल होते, सगळे एकाच नंबरचे. तिने लावला.

“आवं बाई, हाय कुठं तुमी?” पलीकडून एक पुरुष बोलला. “तुमचं पोरगं माझ्यापाशी हाय. काळजी करू नका. चा पितंय. मनुबाईच्या गाड्यावर या, सावकाश या.”

ती खाटेवर बसली आणि मोठ्याने रडली. मग तोंड न धुताच परत रिक्षात बसली.

अनीश गाड्यामागच्या बाकड्यावर होता. आठ-दहा कामगार चहाचे ग्लास घेऊन भोवती उभे होते, बिस्किटाचा पुडा सगळ्यांत फिरत होता. ज्याने फोन केला त्याचं नाव नाथाजी. लेथ मशीनवर काम करणारा, चाळिशीचा, हातांना तेलाचा काळपटपणा. पाळी सुटल्यावर इथे रस्त्याकडेला कुणी उभं दिसलं की गाडीवाला थांबतो आणि मागे बसवतो, ही इथली रीत. नाथाजी थांबला होता. अनीशला गाड्यांचं वेड, तो टुणकन मागे बसला.

“फाट्यावर गेल्यावर इचारलं, कुठं सोडू,” नाथाजी म्हणाला. “तर म्हनतोय, फ्लॅट अकरा, कोथरूड, पुणे. म्हनलं, आयला, एवढं पेट्रोल न्हाई गाडीत. मग नंबर सांगितला. उचलंनात कुणी. मग जिथनं उचललं तिथंच आणून बसवला. जाऊन यायला धा मिंटं बी लागली नसत्याल.”

म्हणजे तिची रिक्षा सांगलीच्या निम्म्या वाटेवर असताना अनीश इथे येऊन बसला होता. ती मनुबाईकडे बघायला लागली. मनुबाईने किटली खाली ठेवली.

“मी इचारलं हुतं, काय झालं. काही न्हाई म्हनलासा. मला एक शब्द बोलला असतासा, तर तुमी बी हितंच बसला असतासा चा पीत. तुमचा नंबर माझ्यापाशी असता तर मीच लावला असता की.” ती रागावली होती आणि लपवत नव्हती. “सांगायला काय लाज वाटती? पोरगं हाय तुमचं. चोरलंय काय?”

चारुशीलाला कुणी असं बोललं नव्हतं. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, मान कलती करून. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते ती सगळ्यांसमोर बोलून गेली. “हा फोन त्याच्या वडिलांचा आहे. ते नाहीत. मी आहे तोवर मी उचलेन. पण पुढे कोण उचलणार?”

नाथाजीने ग्लास झटकला. मनुबाईने पदराला हात पुसले.

“माझा शिकवा त्याला. मी हितंच असते, दिवस उगवल्यापास्नं.”

“त्याला वेळ लागतो. मागच्या नंबरला वर्ष लागलं होतं.”

“लागू दे.”

“आणि उद्या हा गाडा उठवला तर?”

“नंबर काय गाड्याला बांधलाय व्हय?” मनुबाई म्हणाली आणि अनीशच्या समोर उकिडवी बसली. “हां, म्हन बाळा. नऊ, सात.”

अनीशने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. “नऊ,” तो म्हणाला आणि थांबला. ओठ हलत होते, आकडा येत नव्हता. चारुशीलाच्या जिभेवर सात आला होता, तिने तो दाबून धरला. इतक्यात एक नवा कामगार गाडी लावून आला आणि म्हणाला, “मनुबाई, चार चा. लवकर.”

“थांब रं,” मनुबाई मान न वळवता म्हणाली. “पोरगं पाठ करतंय.”

तो थांबला. रिकामे ग्लास हातात घेऊन बाकीचेही थांबले.