धाग्याचे दोन वेढे

तिला सगळे चोख म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं होतं. सिनेमाच्या सेटवर तिचं काम कंटिन्युइटीचं. आधीच्या शॉटमध्ये पेला अर्धा भरलेला असेल तर पुढच्यातही तो अर्धाच हवा, नायिकेची बट उजव्या कानामागे असेल तर ती तिथेच हवी. ही सवय इतकी हाडात मुरली होती की जेवताना शेजारणीने डबा जरा सरकवला तरी हिचा हात तो जागेवर ठेवायला धावायचा. पाच सिनेमांत तिच्या वहीत एकही चूक नव्हती, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच. पुढच्या सिनेमात तिला या कामाची प्रमुख करायचं दिग्दर्शकांच्या मनात होतं, हेही ती ऐकवायची.

तिच्या दोन मैत्रिणी. टाचणी कपडेपटात होती. दातांत टाचण्या धरून बोलायची आणि गळ्यात सेफ्टी पिनांचा लांबलचक सर घालून हिंडायची. सावली नायिकेऐवजी धावायची, पडायची, भिंतींवरून उड्या मारायची. तिघी एकाच खोलीत राहायच्या आणि एकाच आरशावरून भांडायच्या. सिनेमाही तीन मैत्रिणींचाच होता, लॉन्ड्रीच्या गाडीतून येऊन सराफाचं दुकान साफ करणाऱ्या.

"त्यांना चोरी किती सोपी जाते बघ," टाचणी म्हणायची. "आपल्याला सकाळी बाथरूमचा नंबर चोरता येत नाही."

चोरीचा माल म्हणजे हिरव्या खड्यांचा हार. असे दोन होते. नकली पळापळीसाठी, आणि अस्सल फक्त जवळून घ्यायच्या शॉटसाठी, एका पेढीवरून मागून आणलेला. त्याच्याबरोबर पेढीवरचे काका यायचे आणि मांडीवर डबा घेऊन खुर्चीत बसून राहायचे. दागिने कपडेपटात मोडतात, म्हणून हार ताब्यात घेतल्याची सही टाचणीची. ती करताना तिला घाम फुटायचा. मागच्या सिनेमात तिच्या ताब्यातली एक शाल गायब झाली होती. पुढे ती नायिकेच्या मावशीच्या अंगावर सापडली, पण तोवर टाचणीचं नाव व्हायचं ते होऊन गेलं होतं. "पुन्हा काही इकडचं तिकडे झालं तर कुणी तुला दारात उभं करणार नाही," असं मॅनेजरने चार लोकांत बजावलं होतं.

काल झटापटीच्या शॉटमध्ये नकली हाराची कडी सैल झाली. टाचणीने तपकिरी धाग्याचे दोन वेढे देऊन ती बांधली आणि काम भागलं. आज सकाळी नायिकेच्या मानेचा क्लोजअप होता, अस्सल हार घालून. चोखने कालचा फोटो काढला आणि ती अडून बसली.

"धागा कुठाय?"

"तो नकलीवर आहे. खऱ्याची कडी धडधाकट आहे, त्याला कशाला?"

"काल होता ना? मग आज हवा. दोन वेढे, गाठ डावीकडे."

"अगं, त्या धाग्यावरूनच मी दोघांना वेगळं ओळखते!"

"शॉट झाला की सोड. पाच मिनिटांचं काम."

टाचणीने तोंड वाकडं केलं आणि बांधला धागा. मग चोखला दोन्ही हार शेजारी ठेवून जुळवून पाहायचे होते. टाचणीने ते एका ट्रेमध्ये मांडले, अस्सल आपल्या उजव्या हाताला. चोखने फोटो घेतले, समाधानाने मान हलवली. क्लोजअप झाला. नायिकेने हार उतरवून ट्रेमध्ये त्याच जागी ठेवला, चोखने आणखी एक फोटो घेतला. टाचणीने उजवीकडचा उचलला, धागा सोडला, काकांच्या डब्यात ठेवला. काकांनी पाहिला, झाकण लावलं. त्यांचा भरवसा डोळ्यांपेक्षा पेढीवरच्या काट्यावर जास्त होता.

दुपारी सगळे नदीच्या पुलावर गेले, डबा घेऊन काकाही. शॉट असा होता: पोलीस मागे लागलेत आणि नायिका हार नदीत भिरकावते. नायिकेला उंचीची भीती, म्हणून कठड्यावर सावली. कॅमेरा पलीकडच्या काठावर. पूल चारपर्यंतच मिळाला होता आणि पावणेचार वाजले होते. नकली हार एकच, म्हणजे शॉटही एकच. चोखला सकाळपासून उगाचच चैन पडत नव्हतं. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, वही उघडत होती, मिटत होती. काहीतरी राहिलंय, असं तिला वाटत होतं.

टाचणी सावलीचा झगा पिनांनी आवळत होती. सावलीने उजव्या हातातला हार सहज वरखाली केला.

"आज हा जड का लागतोय गं? बारा दिवस हाच घेऊन पळतेय. आणि गारही लागतोय."

चोखचं टोपण हातातून पडलं. फोटो. उजेड नीट येत नव्हता म्हणून दुसऱ्या फोटोच्या वेळी तिने ट्रे फिरवला होता. परत फिरवला नव्हता. उभ्या जन्मात एक वस्तू तिने जागेवर ठेवली नव्हती, ती ही.

"हा अस्सल आहे," ती म्हणाली. "काकांकडे नकली गेलाय."

टाचणीच्या तोंडातून टाचण्या गळल्या. "संपलं. माझी सही आहे. मी सांगून टाकते."

"सांगून काय होणार? त्या मॅनेजरला शाल आठवेल. तुझं कोण ऐकणार?"

"मग हा नदीत टाकू?" सावली कुजबुजली.

पलीकडून कर्णा ओरडला, "पुलावरचे बाजूला व्हा! कॅमेरा तयार!"

चोख टाचणीकडे वळली. ऊन टाचणीच्या गळ्यातल्या सरावर पडलं होतं आणि पिना लखलखत होत्या.

"तो काढ," ती म्हणाली. "सावली, हे टाक. एवढ्या लांबून कुणाला कळतंय! हार मला दे."

"सगळी काठावरून बघतायत! आत्ता दिला तर दिसेल."

"बाजूला व्हा म्हटलं ना!" कर्णा पुन्हा खेकसला.

सावलीने उजव्या मुठीतला हार झग्याच्या बाहीत सरकवला. त्या हाताने काही फेकलं असतं तर तोही उडाला असता, म्हणून पिनांचा सर तिने डाव्या हातात घेतला. दोघी धावत बाजूला झाल्या. सावली पळत आली, कठड्यावर चढली आणि डाव्या हाताने तो सर असा भिरकावला की उन्हात क्षणभर तोही दागिनाच वाटला. मग तो पाण्यात गेला. काठावर टाळ्या पडल्या. टाचणीने कपाळाला हात लावला. आठ वर्षांच्या पिना होत्या तिच्या.

काका गाडीत बसायच्या बेतात होते. चोखबरोबर टाचणी धापा टाकत पोचली. तिच्या हातात पुसायचा रुमाल होता, रुमालाच्या घडीत सावलीच्या बाहीतून काढून घेतलेला अस्सल हार. धागा तिने वाटेतच दातांनी तोडला होता.

"काका, हाराला मेकअपची पावडर राहिलीय. पेढीवर ओरडतील तुम्हाला. पुसून देते."

"इथेच, माझ्यासमोर."

"तुमच्यासमोरच."

काकांनी झाकण उघडलं. चोख त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि वही पुढे केली. "काका, परतीची वेळ काय लिहू?" काकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून हात लांब धरावा लागला. तेवढ्यात टाचणीच्या रुमालात एक हार गेला आणि एक बाहेर आला. तिने तो पुसला, खूप वेळ पुसला, आणि डब्यात ठेवला. काकांनी तो तळहातावर तोलला, समाधानाने हुंकार दिला आणि टाचणीच्या सहीचा कागद परत दिला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत दोघींनी श्वास घेतला नाही.

"चोख!" कर्ण्यातून हाक आली.

दिग्दर्शक काठावर छोट्या पडद्यासमोर बसले होते, मॅनेजर मागे उभा. "आधीच्या शॉटमध्ये हार तिच्या उजव्या हातात होता ना? मग फेकताना डाव्यात कसा? वही काय म्हणते?"

वहीत ठळक अक्षरात उजवा लिहिलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सावली पुढे यायला निघाली. तिने डावा हात का वापरला, हे कुणी विचारलं की धागा सुटत सुटत टाचणीपर्यंत जाणार होता. चोखने वही मिटली.

"माझी चूक," ती म्हणाली. "मीच तिला डावा सांगितला."

दिग्दर्शकांनी पडदा बंद केला. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या सिनेमाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मॅनेजर म्हणाला, "चला, चोखचंही चुकतं तर!" आणि दोघंतिघं हसले.

परतीच्या गाडीत तिघी मागच्या बाकावर होत्या. नकली हार टाचणीच्या पिशवीच्या तळाशी होता आणि सगळ्या जगाच्या मते नदीच्या तळाशी. टाचणी रडत होती आणि रागावतही होती.

"माझ्यासाठी कशाला खोटं बोललीस? पाच सिनेमांची कमाई घालवलीस."

चोख खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात आपोआप टाचणीच्या पदराकडे गेला, तिथे अडकलेला तपकिरी धाग्याचा तुकडा तिने उचलला आणि बोटाला दोन वेढे दिले.

"खोटं काय बोलले?" ती म्हणाली. "धागा बांधायला कुणी लावला होता?"