बिनशिक्क्याचं घर

"शिक्का कोठे शे?" जंगलनाक्यावरच्या रखवालदार इंद्रसिंगने गाडीतला चौथा वासा उलटापालटा करून पाहिला.

गाडीवानाशेजारून कय्युम मिस्तरी खाली उतरला. "दादा, लाकूडवर शिक्का व्हता. पास बी शे मन्हाकडे. पन शिक्का रंधामा उडी गया."

खरंच होतं ते. लाकूड चोरीचं नाही हे सांगणारा, हातोडीने ठोकलेला सरकारी शिक्का ओंडक्यांवर होता आणि कय्युमने ते ओंडके कापून, तासून, हलके करून त्यांचं घर केलं होतं. एका बैलगाडीत मावणारं, चौघांनी दुपारपर्यंत उभं करावं असं स्वस्तातलं घर. खिळा कुठेच नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक सांध्यावर पटाशीने खाचा पाडलेल्या. तीन खाचांचा वासा तीन खाचांच्या खांबावर. गेल्या प्लेगात सगळे गाव सोडून शेतात गेले, तेव्हा त्याची बायको हलीमा ओल्या गोणपाटाखालीच वारली. तेव्हापासून या बापड्याच्या डोक्यात अशा घराशिवाय दुसरं काही शिरलंच नाही. लोक हसत, हा रंधा मारत बसे.

पहिलं घर भिकूबाईने करायला सांगितलं. तिच्या गावात पुन्हा प्लेगचे उंदीर मरून पडायला लागले होते आणि सुनेचे दिवस भरत आले होते. म्हातारी सुनेला घेऊन मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आडोशाला राहिली होती. तिने एकच बजावलं होतं, "उंबरा मी पूजसू. तोपावत बसाडू नको, मिस्तरी."

घरच्या बाईचं हळद-कुंकू लागल्याशिवाय उंबरा बसत नाही, हे कय्युमला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून त्याने तो शेवटी सरकवता येईल असाच घडवला होता.

"सोडी दे दादा," कय्युमने इंद्रसिंगला हात जोडले. "हाई घर जिनं शे, ती बाई उघडावर शे."

"मी काय करू? साहेब येवावर दखाडू. सोडं तं मन्ही नोकरी जाई."

इंद्रसिंग वाईट माणूस नव्हता. त्याने बैलांना पाणी पाजलं, आपल्यातली अर्धी भाकर मिस्तरीपुढे ठेवली. नाक्याची दांडी तेवढी वर केली नाही.

जंगलखात्याचे साहेब नवव्या दिवशी आले. पास पाहिला आणि "जाऊ द्या" म्हणाले. तोवर दोनदा अवकाळी पाऊस झोडपून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भिकूबाईच्या मळ्यात पोचली, तर आडोसा रिकामा होता. शेजारच्या शेतातला वाहरू बांधावर आला.

"पाऊसमा सूनना पोट दुखाले लागनं. भिकूमाय तिले गावमा, घर ली गई. तठेच ताप चढना. दोन्ही ग्यात, मिस्तरी. पोर बी नही वाचनं."

कय्युमला बसावंसं वाटलं, पण बसला तर उठणं व्हायचं नाही हे त्याला कळत होतं. त्याने बैल सोडले आणि गाडीतून वासे उतरवायला घेतले. वाहरू, त्याचा भाऊ आणि गाडीवान हाताशी लागले. कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. तिनावर तीन खाचा, पाचावर पाच. एकही सांधा अडला नाही. दुपारच्या आत घर उभं राहिलं.

"उंबरा ऱ्हायना, मिस्तरी," वाहरू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. बाईनं नको सांगेल शे."

कय्युमने खांद्यावरच्या फडक्याने उंबरा पुसला, चौकटीला बाहेरून टेकून ठेवला आणि तो बैल जुंपायला गेला.